मेगरचं रीडिंग चढेना तेव्हा

कागल एमआयडीसीत आम्ही रेल्वेडब्यांची लाइटिंग पॅनेल बनवतो. पावसाळ्यात एका पॅनेलचं मेगर रीडिंग चढेना. मेगर म्हणजे वायरींचं इन्सुलेशन तपासायचा मीटर; रीडिंग कमी म्हणजे कुठंतरी गळती. सगळ्यांचं एकच, हवा दमट आहे. ब्लोअर मारला, फरक शून्य. मग एकेक सर्किट सोडवून ५०० व्होल्टवर तपासलं. एक निगेटिव्ह वायर हलवली की काटा नाचायचा. कटआउटमधला (वायर जायच्या पत्र्यातल्या भोकातला) ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, सरकलेला, पत्र्याच्या धारेनं इन्सुलेशन कापलेलं, आत तांबं चमकतंय.

“सायेब, टेप मारा की!” फिटरमामा म्हणाले. नको म्हटलं. डब्यातला ११० व्होल्ट डीसी पुरवठा बॉडीपासून अलग असतो. एका पोलला, म्हणजे प्लस किंवा मायनसला, बॉडीकडे गळती झाली तर फ्यूजही उडत नाही. दुसऱ्यालाही झाली की थेट शॉर्ट. आणि धावत्या डब्याच्या हादऱ्यांत टेप टिकतेय होय? अख्खी वायर बदलली, कड कानशीनं घासली, नवा ग्रोमेट बसवला. रीडिंग चढलं.