व्यापारी इमारतीची सपाट गच्ची: वॉटरप्रूफिंग निवडण्याआधीची तयारी

मेम्ब्रेन (चिकटवायची जलरोधक चादर) घ्यायचा की कोटिंग (रंगासारखा लावायचा थर), हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. तयारी सुरू होते भर पावसाळ्यात. मोठी सर थांबली की तासाभराने गच्चीवर जा आणि अजून जिथे पाणी उभं आहे त्या डबक्यांच्या कडेने विटांचे तुकडे मांडून ठेवा. उघडीप मिळाली की तीच कड ऑइलपेंटने आखून फोटो काढा. उन्हाळ्यात कोरडी गच्ची पाहून दर देणाऱ्या ठेकेदाराला हे दिसत नाही.

मग लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून ढाळ मोजा. १०० फुटांना १ फूट ढाळ हवा, म्हणजे खुरा (गच्चीवरचं पाणी बाहेर जायचं तोंड) ५० फुटांवर असेल तर ६ इंचांचा फरक. तो नसेल तर आधी पैसे ढाळावर घाला; पाणी उभं राहणाऱ्या गच्चीवर कुठलाही महाग थर टिकत नाही. खुरे मोजा, जाळ्या तपासा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला होता. खुरा तुंबला तर पाणी जायला पॅरापेटमध्ये (गच्चीच्या कठड्यात) थोडं वर एक जादा भोक हवंच, कारण इंचभर साचलेलं पाणी चौरस मीटरला २५ किलो भरतं.

वजनाचं मात्र मनावर घ्या. चार इंची ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) चौरस मीटरला साधारण २०० किलो होतो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार (माणसं-सामानाचं बदलतं वजन) चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास आहे. जुना कोबा न फोडता त्यावरच नवा टाकायचा सल्ला कुणी दिला, तर स्ट्रक्चरल इंजिनियरच्या लेखी होकाराशिवाय पुढे जाऊ नका.

पुढच्या काही वर्षांत वर काय चढणार आहे, हे सगळ्या दुकानदारांना आत्ताच विचारा: एसीची आउटडोअर युनिट्स, सोलर, होर्डिंगचा सांगाडा. त्यांचे काँक्रीटचे पाये आधी घ्या. झालेल्या कामात नंतर अँकर ठोकला की गळती तिथूनच सुरू होते.

आता निवड. गच्ची मोकळी असेल तर ४ मिमीचा एपीपी (प्लास्टिक मिसळलेल्या डांबराचा) मेम्ब्रेन, जोडाला ४ इंच ओव्हरलॅप. पण तो बर्नरने चिकटवतात. खाली कापडाचं किंवा केमिकलचं गोदाम असेल तर मी तो घेणार नाही. पाईप आणि युनिटचे पाय दाटीने असतील तिथे पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग सोयीचं, फक्त स्लॅब कोरडा हवा. दीड फुटी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा, नाहीतर फुगे येतील. सतत वावर असेल तर वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी). विदर्भ-खानदेशात मी पांढऱ्या पृष्ठभागाला पहिला मान देईन, वरच्या मजल्याचं एसीचं बिल तिथेच कमी होतं.

कोटेशन तिघांकडून, पण एकाच मजकुरावर मागवा: जुना थर काढणं, सुकल्यावरची जाडी, पॅरापेटवर निदान सहा इंच चढवलेला वाटा (गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यातली गोलाई), जीएसटी. गॅरंटी कंपनीची की ठेकेदाराची, आणि गळती निघाल्यास वरचा थर फोडायचा खर्च कुणाचा, हेही लिहून घ्या.

काम मेच्या मध्यापर्यंत संपवा. पुण्या-मुंबईत मान्सून १०-११ जूनला अपेक्षित असतो. गळती तपासायला खुरे बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं आहे, त्यासाठी टँकर आधीच सांगून ठेवा, मेमध्ये ऐनवेळी मिळत नाही. खालचं छत तपासल्यावरच शेवटचा हप्ता द्या.