रेल्वेच्या छायाचित्रात एकच रंग राखताना

सारे चित्र कृष्णधवल करून त्यातील एखादाच रंग शिल्लक ठेवण्याचे तंत्र रेल्वेप्रेमी बहुधा लाल इंजिनावर वापरतात. माझ्या मते तेथेच रंग वाया जातो, कारण इंजिन मुळातच चौकटीत सर्वांत मोठे असते आणि त्याकडे लक्ष वेधण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. काही सांगणारा रंग राखावा: सिग्नलचा दिवा, गार्डच्या हातातील हिरवी झेंडी, शेवटच्या डब्यावरील पिवळी फुली. कोणता रंग ठेवायचा, हे गाडी येण्यापूर्वी फलाटावरच ठरवावे.

सिग्नल निवडला, तर उभे राहण्याची जागाच बदलते. सिग्नलचे तोंड येणाऱ्या चालकाकडे असते. त्यामुळे समोरून येणारी गाडी टिपताना आपल्याला त्याची पाठ दिसते, आणि पाठमोऱ्या गाडीसोबत तो घ्यावा, तर गाडीने ओलांडताच तो लाल झालेला असतो. हिरवा दिवा आणि गाडी एकत्र हवी असल्यास सुटण्याच्या तयारीत उभ्या असलेल्या गाडीच्या कडेला, तिच्या प्रवासाच्या दिशेकडे तोंड करून, फलाटाच्या टोकाकडील स्टार्टर सिग्नल (गाडीला सुटण्याची परवानगी देणारा) चौकटीत येईल असे उभे राहावे. भुसावळला लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या थांबत असल्याने ही संधी तेथे वारंवार मिळते.

भुसावळ ते जळगाव हा मार्ग साधारण पूर्व-पश्चिम जातो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे रुळांच्या दक्षिणेकडील फलाट निवडावा. मे महिन्यात मात्र दुपारी कॅमेरा पिशवीतच ठेवलेला बरा. तापलेल्या खडीवरून उठणाऱ्या हवेमुळे दूरची गाडी पाण्यात हलल्यासारखी दिसते, आणि टेलिफोटो लेन्सने घेतलेल्या चित्रातील हा दोष कोणतेही सॉफ्टवेअर पुरते काढत नाही. धावत्या गाडीसाठी शटरचा वेग 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवावा आणि चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलमध्ये, घ्यावे. कॅमेऱ्यातील तयार निवडक रंगाची सोय टाळावी, कारण जेपेग फाईलमधून गेलेले रंग परत येत नाहीत.

संगणकावर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक रंग सोडून बाकी सर्व रंगांचे सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, शून्यावर आणणे. पण रेल्वेत हा मार्ग लवकरच फसतो. पिवळा ठेवला, तर स्थानकाच्या नावाच्या पाटीबरोबर फलाटाच्या कडेची पट्टी, मालगाडीच्या हिरव्या इंजिनावरील पट्टा आणि शेजारच्या हातगाडीवरील केळीसुद्धा पिवळी उरतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात राखायचा होता एक लाल दिवा, आणि त्यासोबत उरली एका हमालाची पगडी नि सदरा.

म्हणून मास्क, म्हणजे चित्राचा हवा तेवढाच भाग झाकणारा पडदा, वापरावा. गिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ लेअरची (चित्राच्या थराची) प्रत करावी, वरची प्रत कृष्णधवल करावी, तिला पांढरा लेअर मास्क जोडावा आणि जेथे रंग हवा तेथे काळ्या ब्रशने रंगवावे, म्हणजे खालचा रंग वर दिसू लागतो. हात चुकला, तर पांढऱ्या ब्रशने ते झाकता येते. फुलीसारख्या सरळ कडांना ब्रशची कड कडक ठेवावी. दिव्याभोवतीच्या प्रभेसाठी मऊ ब्रश घ्यावा आणि ती प्रभाही रंगीत ठेवावी, नाही तर दिवा चिकटवल्यासारखा दिसतो. कृष्णधवल करताना नुसते डीसॅच्युरेट करण्यापेक्षा (रंग काढून टाकण्यापेक्षा) मोनो मिक्सर हे लाल, हिरव्या, निळ्याचे प्रमाण ठरवून करडी छटा बनवणारे साधन वापरावे. रावेरकडच्या केळीबागेसमोरून जाणारा लाल डबा आणि मागची हिरवी पाने बऱ्याचदा जवळपास एकाच करड्या छटेत मिसळतात. मिक्सरमध्ये लाल आणि हिरव्याचे प्रमाण बदलून ते वेगळे काढता येतात.

हे सारे फलाटावरून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून करावे. परवानगीवाचून रुळांवर जाणे रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 147 नुसार गुन्हा आहे, आणि वरच्या तारेत 25,000 व्होल्टचा प्रवाह असल्याने सेल्फी स्टिक वा मोनोपॉड उंच धरू नये. चालकाच्या दिशेने फ्लॅश कधीही मारू नये.

मूळ रंगीत फाईल वेगळी जपून ठेवावी. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडीची जुनी छायाचित्रे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी प्रयोग फक्त प्रतीवरच करावेत.