इंदूरच्या काळ्या मातीत लसणाचा कायमचा वाफा

ऑक्टोबरात लावायचा, मार्चमध्ये उपटायचा, हे लसणाचं गणित मालव्यात शेंबडं पोरही सांगेल. चोइथराम मंडीतले ढीग त्याच हिशेबाने येतात. पण घरापुरती पात आणि चटणीपुरते गड्डे हवे असतील, तर दरवर्षी नव्याने लावायची गरज नाही. बर्फाच्या मुलखात काही जण लसूण जमिनीतच राहू देतात, वर वीतभर काड पसरतात, आणि थंडी ओसरली की त्याच जागी झुबका फुटतो. तिथे जपायचं असतं थंडीपासून. इथली थंडी तर लसणाला हवीच असते; त्याला मारतो पाऊस. काळी माती जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी धरून बसते आणि झोपलेला गड्डा त्या कोमट चिखलात बुडापासून सडतो.

म्हणून वाफा जमिनीला समतल नको. विटांची कड लावून तो एक फूट उंच उचला. निम्मी बागेतली माती, पाव भाग जाडी वाळू आणि पाव भाग मुरलेलं शेणखत, वर चौरस मीटरला दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल तर हुमणी येते आणि मुळं खाते. जागा नसेल तर बारा इंची, तेवढीच खोल कुंडी घ्या, तळाला तीन भोकं पाडलेली. खरं तर पहिल्यांदा करणाऱ्याने कुंडीच घ्यावी: पावसात ती उचलून गॅलरीत ठेवता येते, वाफा उचलता येत नाही.

बियाणं इथलंच घ्या. पहाडी लसूण दिसायला टपोरा, पण त्याला गड्डा धरायला लांब दिवस लागतो. इंदुरात सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांचा, तोही जूनमध्ये, म्हणजे पात वाळून गेल्यावर. पात भरघोस येईल, खाली गड्डा धरणार नाही. यमुना सफेद किंवा रतलामकडचा रियावन (त्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं) इथे चालतो. बाहेरच्या जाड पाकळ्या लावायला, आतल्या बारीक फोडणीला. पाकळीचं बूड नखाने खरवडून बघा: पांढरं आणि टणक असेल तर ठीक, तपकिरी पडून नख रुतत असेल तर ती पाकळी टाकून द्या. एक सडकी पाकळी अख्खा झुबका घेऊन जाते.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा. तीन पाकळ्या जवळजवळ, दोन इंच खोल, टोक वर. दोन झुबक्यांत वीतभर अंतर. कुंडीत दोनच झुबके. उशीर झाला किंवा पाकळी फार बारीक निघाली, तर कधीकधी एकाच पाकळीचा गोल गड्डा बनतो. खायला उत्तम, पण झुबका वाढत नाही.

पाणी आठ-दहा दिवसांनी, कुंडीला बोट खुपसून बघून. सहा आठवड्यांनी पात वीतभर झाली की बाहेरची पानं बोटभर ठेवून कापा, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही. थंडीत मक्याच्या भाकरीबरोबर ती चटणी होईलच. पण मकर संक्रांतीनंतर, पुढच्या वर्षासाठी राखायच्या झुबक्यांना हात लावू नका. गड्डा पानांच्याच जिवावर भरतो; पात खात राहिलात तर खाली शेंगदाण्याएवढा कंद मिळतो आणि पुढच्या वर्षी त्याला बळ राहत नाही. पानांवर चंदेरी ओरखडे दिसले तर फुलकिडे आहेत. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या बेचक्यात जाईल असं फवारा. युरिया टाकायचा मोह आवरा. जास्त नत्राने गड्डा भरायच्या आतच पाकळ्यांना कोंब फुटतात, मान जाड होते.

मार्चमध्ये निम्मी पात पिवळी पडली की पाणी बंद. निम्मे झुबके खाण्यासाठी काढून आठवडाभर सावलीत पातीसकट सुकवा. उरलेले जागेवरच राहू द्या, वर दोन बोटं काड पसरा, उन्हाळ्यात थेंबभरही पाणी देऊ नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात काड काढून टाका, ओलं काड बुरशीचं घर असतं. वाफ्यावर उतरतं पत्र्याचं किंवा जाड प्लास्टिकचं छप्पर करा. बाजू उघड्या ठेवा, नाहीतर आत वाफ कोंडते. कुंडी सरळ आत घ्या.

सप्टेंबर सरताना कोंब वर येतात. आले नाहीत तर उकरून, बूड दाबून बघा: मऊ आणि आंबूस वासाचं असेल तर ती जागा यंदा रिकामी. एका जुन्या गड्ड्यातून दहा-बारा कोंब निघतात. तसेच ठेवले तर पात मुबलक, गड्डे बारीक. गड्डा हवा असेल तर दर दुसऱ्या ऑक्टोबरात झुबका उकरून पाकळ्या सुट्या करून लावा. तिसऱ्या वर्षी मात्र जागाच बदला, कारण सडवणारी बुरशी मातीत साठत जाते. जुन्या वाफ्यात तेव्हा मेथी पेरा, कांदा नको. त्यालाही तेच रोग लागतात.