घाट घरात नेताना: इनडोअर ट्रेनिंगसाठी रस्ते चित्रित करू पाहणाऱ्यांना

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट मी आजवर सतरा वेळा चित्रित केलाय. त्यातली तीनच चित्रीकरणं वापरण्याजोगी निघाली. उरलेल्या चौदा खेपांनी जे शिकवलं, ते या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी लिहितेय.

काम थोडक्यात असं. कुणी घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच ठेवून पेडल मारू देणाऱ्या स्टँडवर, सायकल लावून पेडल मारतंय, कुणी ट्रेडमिलवर पळतंय. त्यांच्यासमोर पडद्यावर खरा रस्ता सरकतो. स्मार्ट ट्रेनर असेल तर पडद्यावर चढ आला की पेडल जड होतं, आणि माणूस जसा जोर लावेल तसा व्हिडिओ भरभर किंवा सावकाश पुढे जातो. म्हणजे चित्र, वेग आणि चढ या तिन्ही गोष्टी दर सेकंदाला एकमेकींशी जुळलेल्या हव्यात. मी आधी लग्नांचं आणि सहलींचं चित्रीकरण करायचे. तिथे चित्र सुंदर आलं की काम झालं. इथे ते सुरू होतं.

सगळ्यात आधी वेगाचं गणित समजून घ्या, कारण निम्मे नवखे इथेच अडतात. पहिल्या खेपेला मी स्वतः सायकल चालवत घाट चढले, ताशी नऊ-दहा किलोमीटरने. घरी आल्यावर माझ्या चुलतभावाला ट्रेनरवर बसवलं. तो पट्टीचा सायकलस्वार, पंधराने चढणारा. त्यामुळे व्हिडिओ दीडपट वेगाने पळू लागला. रस्त्याकडेने डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या बायका तुरुतुरु धावताना दिसल्या, बघवेना. मग उलटी चूक केली: गाडीतून तिशीने चित्रण केलं. आता दहाने चढणाऱ्यासाठी व्हिडिओ एक-तृतीयांश वेगाने चालायचा आणि सेकंदाला तीसच फ्रेम (स्थिर चित्रं) असल्याने त्यातल्या दहाच त्याच्या वाट्याला यायच्या. रस्ता धक्के खात पुढे जायचा.

आता मी सेकंदाला ६० फ्रेम ठेवते आणि चढावर वेग ताशी २० च्या आसपास. दहाने चढणाऱ्याला ३० फ्रेम मिळतात, चित्र गुळगुळीत राहतं. पंचविशीने चढणारा आला तरी व्हिडिओ सव्वापटच पळतो. उतारावर पस्तीसपर्यंत जायला हरकत नाही, पण वळणं बघून. वेग एकसारखा ठेवणं हे खरं कसब आहे, आणि ते कॅमेऱ्यामागच्या माणसापेक्षा गाडी चालवणाऱ्याच्या हातात असतं. माझी स्कूटर दादा चालवतो. मी मागे बसून फोनवर कॅमेऱ्याचं चित्र आणि वेग बघते, आणि बारा किलोमीटर आमचं एवढंच बोलणं चालतं: “अठरा… वीस… धर दादा, धर.” एकट्याने हे काम घाटात करू नका. रस्ता आणि स्क्रीन दोन्हीकडे एकाच माणसाचं लक्ष राहत नाही.

कॅमेऱ्याची उंची सायकलस्वाराच्या डोळ्याइतकी, म्हणजे दीड मीटरच्या जवळपास हवी. खूप रुंद दिसणारी लेन्स टाळा, तिच्यात तीव्र चढसुद्धा सपाट वाटतो. पाय भरून आलेत आणि समोर मैदान दिसतंय, हे पेडल मारणाऱ्याला सहन होत नाही. १०० मेगाबिट दराने रेकॉर्डिंग केलं तर तासाला साधारण ४५ जीबी लागतात, तेव्हा कार्ड घरीच रिकामं करून निघा.

उजेडाबद्दल एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पसरणी घाट वाईकडून पश्चिमेला चढतो. सकाळी ऊन पाठीमागून येतं, दरी छान उजळते. मी खूश होऊन साडेसहाला निघाले आणि घरी येऊन बघते तर पुढे रस्त्यावर आमची दोघांची लांबलचक सावली, जवळपास प्रत्येक सरळ पट्ट्यावर. आता सूर्य थोडा वर आल्यावर, साडेआठच्या सुमारास निघते, आणि शनिवार-रविवार टाळते, कारण महाबळेश्वरच्या गाड्यांची रांग लागते. ऋतू म्हणाल तर पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर. हवा धुतलेली, डोंगर हिरवा, खाली धोम धरणाचं पाणी लख्ख दिसतं. पावसाळ्यात धुकं काही दिसू देत नाही आणि फेब्रुवारीनंतर वणव्यांनी उतार काळे पडलेले असतात.

आता चढाची नोंद. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो द्यायलाच हवा. वाई ते पाचगणी साधारण बारा किलोमीटर, चढ साडेपाचशे मीटरच्या पुढे-मागे, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. पण चढाची नोंद असलेल्या माझ्या पहिल्या फाईलमध्ये एका ठिकाणी अचानक १४ टक्के, लगेच पुढे उतार, मग पुन्हा ११. दादा ट्रेनरवर ओरडलाच, “अगं, इथे कुठे एवढा चढ आहे?” कारण साधं होतं. डोंगराच्या कडेला अर्धं आकाश झाकलं जातं, जीपीएसला उपग्रह कमी दिसतात आणि उंचीचे आकडे उड्या मारतात. हवेच्या दाबावरून उंची मोजणारं सायकल कॉम्प्युटर किंवा घड्याळ वापरा, तरीही नंतर आकडे पन्नास-शंभर मीटरच्या टप्प्यांत सपाट करा. त्यानंतर तोच रस्ता स्वतः पेडल मारत चढा. फाईल खरी की खोटी ते मांड्या सांगतात. कॅमेऱ्यातल्या जीपीएसवर विसंबणार असाल तर आधी तो आहे का ते बघा. गोप्रोच्या हीरो १२ मध्ये जीपीएस नव्हताच, हीरो १३ मध्ये परत आला.

चित्र आणि नोंद जुळवायला माझी एक युक्ती आहे. निघण्याआधी अर्धा मिनिट स्तब्ध उभं राहायचं आणि फोनवरचं घड्याळ सेकंदांसकट कॅमेऱ्यासमोर धरायचं. जीपीएक्स फाईलमधली, म्हणजे जीपीएसने नोंदवलेल्या मार्गाच्या फाईलमधली, वेळ जागतिक असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तेवढा फरक लगेच कळतो. चार-पाच सेकंदांची चूक मात्र लपून राहते. वळण निघून जातं आणि पेडल नंतर जड होतं. बघणाऱ्याला काय बिनसलंय ते सांगता येत नाही, पण तो व्हिडिओ पुन्हा लावत नाही.

धावणाऱ्यांसाठी करायचं असेल तर साताऱ्याचा यवतेश्वर घाट घ्या. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा मार्ग तिथूनच जातो, आणि मुंबईच्या सपाटीवर सराव करणाऱ्यांना हा चढ ट्रेडमिलवर हवाच असतो. तिथे वेग ताशी दहा-बारा ठेवा. ड्रोनच्या मागे लागू नका, घरात पळणाऱ्याला आकाशातून रस्ता नको असतो.

पैशांचं सांगते. किनोमॅपसारख्या काही ॲपवर स्वतःचा व्हिडिओ चढवता येतो, काही कंपन्या मार्ग विकत घेतात. पहिल्या वर्षी माझा पेट्रोलचा आणि कार्डांचा खर्चही निघाला नाही. एका कंपनीने घाट घेतला, कराराच्या तिसऱ्या पानावर कायमचे अनन्य हक्क लिहून घेतले, आणि तो मार्ग त्यांनी कधी दाखवलाच नाही. माझा तो घाट माझ्यासाठीही बंद झाला. मूळ फुटेज आणि हक्क सहजासहजी देऊ नका, मुदत तरी घालून घ्या. शाळेच्या मुलांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर मात्र न चुकता धूसर करा.

बाकी फार कापाकापी करू नका. शेळ्यांचा कळप, कठड्यावरची माकडं, घाटातलं दत्ताचं देऊळ राहू द्या. माझी मावशी मूळची पसरणीची, शाहीर साबळ्यांच्या गावची. आता ती ठाण्यात असते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सायकल सांगितली, तेव्हा मी तिच्या खोलीत ट्रेनर आणि पडदा लावून दिला. देवळाचं वळण आलं की ती हँडलवरचा एक हात काढून कपाळाला लावते. तेवढ्यात पेडल मंदावतं, व्हिडिओही मंदावतो, आणि देऊळ पडद्यावर जरा जास्त वेळ थांबतं.