सेन्सरचा दिवा घेण्याआधी: जोड कुठे येणार?

गेल्या मे महिन्यात गुहागरजवळच्या आमच्या घराच्या मागीलदारी मी सेन्सरचा दिवा, म्हणजे कुणी हललं की आपोआप लागणारा, लावला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने घरभर अंधार केला. दिव्याचा दोष नव्हता. काच शाबूत होती, सेन्सर चालत होता, खोक्यावर छापलेलं आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत शिरू न देण्याचं माप, खोटं नव्हतं. चुकलो मी. यंदा पुढच्या खळ्यासाठी दुसरा घ्यायचा म्हणून कागदावर यादी केली, तीच इथे उतरवतोय. घाई असेल तर एवढंच वाचा: दिव्यातून निघालेली फूटभर वायर आणि घरातून आलेली वायर यांचा जोड कुठे येणार आणि कशात बसणार, हे दिवा विकत घेण्याआधी ठरवा. बाकी काही चुकलं तर निभतं.

दिवा नक्की कशासाठी हवाय ते आधी घरात बसून बोला. आमच्याकडे दोन कारणं होती. खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्या एका रात्रीत डोळ्यांत भरण्याइतक्या कमी झाल्या, हे एक. अप्पा रात्री दोनदा उठून मागच्या न्हाणीकडे जातात आणि पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर घोणस निघते, हे दुसरं. चोरासाठीचा दिवा वाटेवर पडायला हवा, अप्पांसाठीचा पायरीवर. एकाच दिव्यात दोन्ही उरकायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. बिल वाचेल म्हणून घेत असाल तर हिशेब करून बघा: १० वॉटचा साधा एलईडी रोज बारा तास जळला तरी महिन्याला ३.६ युनिट होतात. तेवढ्यासाठी सेन्सरच्या भानगडीत पडू नका. या दिव्याचा खरा उपयोग तो अचानक लागतो यात आहे. काळोखात एकदम उजेड पडला की येणारा दचकतो आणि आतून आई खिडकीशी येते.

सौर दिवे स्वस्त मिळतात, वायर नको, वायरमन नको, शिडीवर पाच मिनिटांत काम. कोकणात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, पॅनल दिवसभर अर्धपोटी राहतं आणि रात्री दहानंतर दिवा मान टाकतो. नेमका जेव्हा साप निघतो तेव्हाच. विहिरीवर किंवा गोठ्याकडे वायर नेणं शक्यच नसेल तर घ्या, पॅनल दक्षिणेकडे तोंड करून लावा आणि माडाच्या सावलीत तर अजिबात नको. घराच्या भिंतीवर मात्र वायरीचाच दिवा. म्हणजे जोड आला. जोड आला की वरचा प्रश्न आला.

सेन्सर दोन जातीचे मिळतात. एक पीआयआर, म्हणजे पांढऱ्या दुधी प्लॅस्टिकचा फुगवटा असलेला. तो स्वतः काही सोडत नाही, समोरच्या उष्णतेतला बदल ओळखतो. दुसरा मायक्रोवेव्ह, ज्याला दुकानदार रडार म्हणतात. तो लाटा सोडतो आणि हलणारं काहीही पकडतो. काच, प्लॅस्टिक, पातळ लाकडी फळी यांच्या पलीकडचंसुद्धा. जिन्यात किंवा पार्किंगमध्ये तो छान. आमच्यासारख्या घरी मागच्या दाराच्या आत कुणी फिरलं तरी बाहेर दिवा लागेल आणि झावळ्या हलल्या की रात्रभर उघडझाप चालेल. बाहेरच्या भिंतीला पीआयआर घ्या. खोक्यावर लिहिलेलं नसेल तर दुधी फुगवटा आहे का बघा. फुगवटा नसलेला, सपाट, सगळं आत लपवलेला दिवा बहुधा रडारवाला असतो.

जागा ठरवताना पीआयआरचा एक स्वभाव लक्षात ठेवा. समोरून आडवं जाणारं माणूस त्याला चटकन कळतं, थेट त्याच्याकडे चालत येणारं उशिरा. त्या फुगवट्यातली भिंगं समोरच्या जागेचे पट्टे पाडतात. आडवं चाललं की एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाणं होतं, सरळ आलं की बराच वेळ एकाच पट्ट्यात राहणं होतं. तेव्हा फाटकाच्या बरोब्बर समोर, फाटकाकडे बघणारा सेन्सर लावू नका. वाट ज्या भिंतीवरून आडवी जाते ती भिंत निवडा. उंची सात-आठ फूट. त्याहून वर नेला तर पायाशी आलेलं दिसत नाही, खाली ठेवला तर गल्लीतलं प्रत्येक कुत्रं दिवा लावून जातं. पाणी तापवायची चूल, धुराडं, एसीचं बाहेरचं युनिट समोर नको, गरम हवेच्या झोतानेही तो फसतो. आमची चूल मागीलदारीच आहे, म्हणून दिवा तीन फूट सरकवावा लागला.

आणि इथेच मी घसरलो. सेन्सरला सगळ्यात सोयीची भिंत म्हणून मी नैऋत्येची निवडली. वाट आडवी जाते, पायरी दिसते, चूल बाजूला. उत्तम. त्याच भिंतीवर आमच्याकडचा पाऊस तिरका आदळतो आणि त्या बाजूला पागोळीही आखूड आहे. दिव्याची वायर फूटभर, भिंत जांभ्याची, गिलाव्यासकट त्याहून जाड. वायर आत पोचेना. वायरमनने दिव्याच्या वर, उघड्या भिंतीवर तारांना पीळ दिला, वरून काळी टेप गुंडाळली आणि चहा प्यायला बसला. मी शिडी धरून उभा होतो. बघत होतो. काही बोललो नाही.

जोड दिव्याच्या वर होता. टेप आठ दिवसांत सैल झाली. पाणी जोडात शिरलं आणि वायरीच्या आतून, तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून, वातीत तेल चढावं तसं दिव्याकडे सरकलं. दिवा जळताना तापतो, आतली हवा फुगते. बंद झाल्यावर थंड पडतो आणि ती आक्रसते. मग तो आत ओढून घेतो, जिथून मिळेल तिथून. काचेभोवतीचं रबर पक्कं, म्हणून त्याने वायरीतून ओढलं. आम्ही उघडला तेव्हा काचेच्या आत चमचाभर तांबूस पाणी होतं आणि तारा हिरव्या पडल्या होत्या. आयपी ६५ हा आकडा दिव्याच्या डबीचा असतो. तुमच्या जोडाचा नसतो. जोडाचा आकडा काय? टेप लावली असेल तर शून्य समजा.

पाऊस जोरात लागला की आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की घराची वीज तोडणारं मेनजवळचं बटण, पडायचा. आईने दिव्याचं बटण बंद केलं तरी पडायचा, म्हणून दिव्यावर संशयच गेला नाही कुणाचा. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि ओल्या भिंतीतून न्यूट्रलचा प्रवाह जमिनीत गळला तरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घर बंद करतो. त्याचं काम त्याने चोख केलं. पण वायरमन यायला दोन दिवस लागले आणि मासेमारी बंद व्हायच्या आधी आणून फ्रीझरमध्ये ठेवलेली सुरमई शेजारी वाटावी लागली. मी पुण्यात बसून फोनवरून ‘फ्रिजचा प्लग काढून बघ’ वगैरे सल्ले देत होतो. आईने नंतर बरेच दिवस सुरमईचा विषय काढला.

तर जोड. तीन वाटा आहेत. सगळ्यात चांगली म्हणजे जोड घराच्या आत: भिंतीला आरपार भोक, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायचं म्हणजे पाणी आत येत नाही, दिव्याची वायर त्यातून आत आणि जोड आतल्या डबीत. त्यासाठी दिव्याची वायर भिंतीपेक्षा लांब हवी. म्हणून घरून निघताना भिंतीची जाडी मोजून न्या आणि दुकानात खोकं उघडायला लावून वायर मोजा. दुकानदार कंटाळतो. कंटाळू दे. दुसरी वाट म्हणजे पागोळीखाली, जिथे तिरका पाऊसही पोचत नाही तिथे डबी. तिसरी, नाइलाज म्हणून उघड्या भिंतीवर डबी. पण ती साधी स्विचबोर्डाची नव्हे. रबराची कड असलेली, आयपी ६५ ची जंक्शन बॉक्स. वायर तिच्यात खालच्या बाजूने शिरली पाहिजे, केबल ग्लँडमधून, म्हणजे वायरीभोवती आवळून फट बुजवणाऱ्या बोंडातून. आधी वायरला खाली झोळ द्यायचा आणि मग वर वळवून आत घ्यायची. पाणी झोळाच्या तळाशी येतं आणि तिथून टपकतं, डबीत चढत नाही. ग्लँड गोल वायरीवर आवळला जातो. चपटी वायर किंवा सुट्या तीन तारा घातल्या तर फट राहते. तेव्हा घराकडून येणारी वायरही गोल, तीन तारांची घ्या. आत पीळ नको, स्क्रूचे कनेक्टर. डबी दीड-दोनशेच्या आत मिळते. मी साडेआठशेचा दिवा घेतला आणि हे दीडशे वाचवले.

वायरमन म्हणेल, ‘टेप चांगली लावतो हो साहेब, काय होत नाही.’ होतं.

तिसरी तार कापू देऊ नका. धातूच्या दिव्याला हिरवी-पिवळी तार असते, ती अर्थिंगला गेली पाहिजे. माझ्याकडे तीही कापून टाकली होती, ‘त्याने काय फरक पडतो’ म्हणून.

आता दिवा. १० वॉट पुरतो. चांगल्या एलईडीचे वॉटमागे ८० ते १०० लुमेन (उजेडाचं माप) धरले तरी मागीलदारासाठी भरपूर. ३० आणि ५० वॉटचे शेजाऱ्याच्या माजघरात उजेड पाडतात आणि मग भांडणं. रंग पिवळसर घ्या, ३००० केल्विन लिहिलेला. पांढऱ्या ६५०० वर किडे जास्त येतात. किड्यांमागे पाली येतात, कोळी फुगवट्यावर जाळं करतो आणि सेन्सर बिथरतो. आयपीमधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पागोळीखाली ४४ चालेल, उघड्यावर ६५ च्या खाली जाऊ नका. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आर अक्षरापुढे आठ आकडे आहेत का बघा. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव येतं, ते खोक्यावरच्या नावाशी जुळवा. व्होल्टेज आमच्याकडे रात्री कमी-जास्त होतं, म्हणून १०० ते ३०० व्होल्ट असं रुंद माप लिहिलेला घेतला. बिलाचा फोटो काढा, कागदावरची अक्षरं वर्षात उडतात.

जुना दिवा चांगला असेल तर नुसता सेन्सर वेगळाही मिळतो. तीन तारांचा घ्या: फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी. दोन तारांच्या सेन्सरवर एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा फडफडतो. बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा सेन्सर पडवीच्या आत ठीक, पावसात नाही. आणि वेगळा सेन्सर म्हणजे एकाऐवजी दोन जोड, एवढं ध्यानात ठेवा.

गावी जाताना पिशवीत: डबी, ग्लँड दोन जास्तीचे, कनेक्टर, टेस्टर. जांभ्यात साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती) धरत नाही, भोक भुसभुशीत होऊन मोठं होतं. लांब गिट्टी आणि लांब स्क्रू न्या, नाहीतर सरळ वाशाला लाकडी पट्टी मारून तिच्यावर दिवा बसवा. शिडी गावात मिळते. डबी मिळत नाही. तालुक्याला जावं लागतं आणि तेवढ्यात वायरमन निघून जातो, मग टेप. माझं असंच झालं.

लावल्यावर लगेच ‘चालत नाही’ म्हणून ओरडू नका, वीज आल्यावर सेन्सरला स्थिर व्हायला मिनिटभर लागतं. लाईट जाऊन आली की दर वेळी हेच, आईला सांगून ठेवा. खाली तीन पेच असतात. लक्सचा सूर्याच्या चित्राकडे फिरवा म्हणजे दिवसाही लागेल, टाइम कमीत कमी, आणि चालून बघा. कुठे पकडतो, कुठे नाही. मग लक्स चंद्राकडे, टाइम दोन मिनिटं. अप्पांना न्हाणीतून परत यायला तेवढी लागतात. सेन्सचा, म्हणजे सेन्सर किती तिखट ते ठरवणारा, पेच मधोमध ठेवा.

बटणावर चिकटपट्टी लावा, नाहीतर कुणीतरी सवयीने बंद करतं. पहिल्या पावसाआधी मेन बंद करून फुगवटा पुसा, जाळी काढा. डबीचं झाकण उघडून आत ओल आहे का बघा. झाकणाचे चारही स्क्रू परत लावा. तीन लावून चालत नाही. शिडी ज्याची त्याला.