खाण्यात अतिशय चोखंदळ असलेल्या मुलांना घेऊन खान्देशात फिरताना: बाहेरच्या जेवणाची व्यवस्था

एखादे मूल पोळी, पांढरा भात आणि बिस्किटे यांपलीकडे काहीही तोंडात घेत नसेल, तर खान्देशची सहल ठरताच आईवडिलांच्या डोळ्यांपुढे शेवभाजीची लालभडक तर्री उभी राहते आणि पिशवीत नूडल्सची पाकिटे भरली जातात. ही भीती अर्धीच खरी आहे. खान्देशी रस्सा तिखट असतो यात शंका नाही. भाजलेले सुके खोबरे, कांदा, लसूण आणि काळा मसाला यांचे वाटण तेल सुटेपर्यंत परतलेले असते, आणि ते एकदा तयार झाले की एका ताटापुरते ‘जरा कमी तिखट’ करून देणे आचाऱ्यालाही जमत नाही. परंतु त्या रश्श्याभोवती जे ताट मांडले जाते, म्हणजे बट्टी, साधे वरण, भाकरी, पुरी, ताक, तूप, कुरडई, केळी, ते बहुतांशी सौम्यच असते. म्हणून मुलासाठी अगदी वेगळा पदार्थ मागण्याऐवजी त्याच स्वयंपाकातला मसाला पडण्याआधीचा भाग मागून घ्यावा. खान्देशात मुलाचे पोट भरण्याचा हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

निघण्यापूर्वी एका कागदावर मूल काय खाते ते लिहून काढावे. ‘आमचा काहीच खात नाही’ असे म्हणणाऱ्या घरांतही ही यादी आठ-दहा पदार्थांपर्यंत सहज जाते. मात्र पदार्थाच्या नावासोबत त्याच्या अटीही लिहाव्यात, कारण बाहेर गेल्यावर अडते ते अटींवर. पोळी मऊ हवी, तिला काळे डाग नकोत. वरण वाटीत हवे, भातावर ओतलेले नको. दह्यात साखर हवी, पण ती विरघळलेली नको. या अटी मोठ्यांना हट्ट वाटतात. प्रत्यक्षात अनोळखी अन्नाविषयीची धास्ती साधारण दोन ते सहा या वयात सर्वाधिक असते आणि पुष्कळ मुलांत ती पुढे आपोआप ओसरते. नवा पदार्थ मुलाच्या अंगवळणी पडण्यासाठी तो आठ ते पंधरा वेळा, जबरदस्ती न करता, समोर यावा लागतो असे बालआहारावरील अभ्यासांत आढळले आहे. दोन-तीन दिवसांच्या सहलीत हे घडणे शक्य नाही. तेव्हा सहलीत मुलाला सुधारण्याचा बेत पूर्णपणे बाजूला ठेवावा. तो घरचा आणि सवडीचा उद्योग आहे.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची वाटणी प्रवासात विशेष उपयोगी पडते. काय वाढायचे, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवायचे. वाढलेल्यापैकी खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवायचे. ढाब्यावर याचा अर्थ असा की मुलाच्या ताटात त्याचा एक हमखास चालणारा पदार्थ असावा, त्याच्या शेजारी, पण त्याला न टेकता, चिमूटभर नवा पदार्थ असावा, आणि त्या नव्या पदार्थाविषयी कोणीही चकार शब्द काढू नये. ‘एक घास खा, मग आइस्क्रीम देतो’ हा सौदा तर टाळावाच. त्यातून मूल एवढेच शिकते की आइस्क्रीम ही चांगली गोष्ट असून भाजी ही तिच्यासाठी सोसायची शिक्षा आहे.

आता प्रत्यक्ष मागणीकडे वळू. ढाब्यावर किंवा साध्या हॉटेलात बसताच मेनूकार्ड उघडू नये, कारण मुलाला चालेल अशी वस्तू त्यात बहुधा छापलेलीच नसते. दाल फ्राय आणि दाल तडका ज्या शिजवलेल्या डाळीतून तयार होतात, ती डाळ भटारखान्यात हळद-मीठ घालून आधीच शिजवून ठेवलेली असते. फोडणी मागणीप्रमाणे नंतर पडते. नेमकी तीच डाळ मागावी. वाढप्याला ‘तिखट कमी करा’ असे सांगितले तर तो मान डोलावतो आणि मिरची एक चमचा कमी पडते, एवढेच होते. त्याऐवजी स्पष्ट शब्दांत सांगावे: ‘भाऊ, पोराला तिखट अजिबात चालत नाही. फोडणी द्यायच्या आधीचं वरण एका वाटीत काढून द्या, भात वेगळ्या ताटलीत द्या, आणि वरून कोथिंबीर टाकू नका.’ कोथिंबिरीचा उल्लेख किरकोळ वाटेल, परंतु हिरवा ठिपका दिसला म्हणून अख्खी वाटी परत गेल्याचे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको. दाल फ्रायचे पैसे द्यायची तयारी आधीच दाखवावी. मग कोणी कुरकुर करीत नाही. पोळीच्या बाबतीतही हेच आहे. तंदुरी रोटी गार होताच वातड होते, म्हणून तव्यावरची पोळी मिळते का ते विचारावे आणि ती तूप न लावता मागवून तूप वेगळे घ्यावे.

शेवभाजीविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रस्सा बाजूला ठेवून नुसती शेव मुलाला देता येईल असे अनेकांना वाटते, परंतु भाजीसाठी वापरली जाणारी जाड शेव बहुतेक ठिकाणी मुळातच तिखट असते. आधी स्वतः चाखून पाहावी. भरताचेही तसेच. वांगी भाजून, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण यांसह बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचल्यानंतर तिखट कुठून वेगळे काढणार? हिवाळ्यात जळगावकडे शेतावर भरीत पार्टीचे आमंत्रण आले, तर यजमानांना मिरच्या ठेचण्यापूर्वी भाजलेल्या वांग्याचा एक गोळा मीठ आणि दही घालून बाजूला काढायला सांगता येते; मात्र चोखंदळ मूल तो खाईल अशी आशा फार धरू नये आणि पुरीवर त्याचे पोट भरू द्यावे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा मोठ्यांनी तरी ते सोडू नये. भरतात आणि अनेक खान्देशी भाज्यांत शेंगदाणे सढळ हाताने पडतात. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. आणि मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर कूट, तेल आणि मसाल्याचे वाटण या तिन्हींविषयी स्वयंपाक करणाऱ्याला थेट विचारावे.

खान्देशातला मुलांचा खरा मित्र म्हणजे वरण-बट्टी. गव्हाच्या जाडसर पिठात बहुधा थोडे मक्याचे पीठ, ओवा, हळद आणि मीठ घालून कणीक मळतात, तिचे गोळे उकडतात, कापतात आणि मग तूप किंवा तेलात तळतात. वाढताना बट्टी हाताने चुरून तिच्यावर साधे वरण आणि तूप घालण्याची रीत आहे. सोबतची वांग्याची घोटलेली भाजी तिखट असते, पण ती वेगळी वाढली जात असल्याने मुलाच्या वाटेला जात नाही. येथे पालकांनी थोडा धीर धरावा आणि बट्टी परस्पर चुरून देऊ नये. एक अख्खा तुकडा कोरडाच समोर ठेवावा. पुष्कळ मुले आधी बाहेरचा तांबूस, कुरकुरीत थर नखाने सोलून खातात, आतला पिवळसर मऊ भाग बोटांनी दाबून पाहतात, आणि ओवा दिसला तर तो वेचून ताटाच्या कडेला लावतात. हे चालू द्यावे. कोरडी बट्टी बिस्किटाच्या इतकी जवळ जाते की बिस्किटावर जगणारे मूलही तिला सहसा नाही म्हणत नाही. वरण दुसऱ्या वाटीत, बुडवण्यापुरते. यात्रेच्या गावी भंडाऱ्याची पंगत असली की बहुधा वरण-बट्टी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी असते. अशा पंगतीत मूल महागड्या हॉटेलापेक्षा अधिक जेवते, असे माझे ठाम मत आहे.

आखाजीच्या सुमारास, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास, जाणे झाले तर काम आणखी सोपे होते. खापरावरची पुरणपोळी, आमरस आणि तळलेली कुरडई या तिन्हींत तिखटाचा लवलेश नसतो. पुरण न खाणाऱ्या मुलाला मांड्याच्या, म्हणजे या खापरावरच्या पोळीच्या, कडेचा पातळ पापुद्रा दुधासोबत द्यावा. कळण्याची भाकरी मात्र चवीला सौम्य असूनही ज्वारी आणि सालीसकटच्या उडदामुळे काळसर दिसते आणि रंगावरच नाकारली जाते. तिच्यासाठी वेळ घालवू नये. केळी तर या भागात बारमाही आहेत. रावेर, यावल, सावदा या पट्ट्यातून जाताना घड घेण्याचा मोह आवरून टोकाला किंचित हिरवी असलेली अर्धा डझन केळी घ्यावीत, कारण मोटारीतल्या उष्णतेत सालीवर ठिपके लवकर येतात आणि ठिपक्यांचे केळे म्हणजे पुन्हा नकार. दूध मागवताना लक्षात ठेवावे की ढाब्यावरचे दूध पुष्कळदा म्हशीचे, दाट आणि सायीचे असते. पिशवीच्या दुधाची सवय असलेल्या मुलाला ते थोडे पाणी घालून, चहाच्या गाळणीतून गाळून द्यायला सांगावे.

एवढे करूनही चुकून तिखट तोंडात गेलेच, तर पाणी पाजून उपयोग नसतो. मिरचीतील तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात फारसे विरघळत नाही. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते आणि दुधातील प्रथिनांमुळे त्याचा दाह कमी होतो. दूध, दही किंवा तूप-साखरेचा घास द्यावा. ताक देताना त्यात मिरची वाटलेली नाही ना, हे पाहावे. मसाला ताक हा येथला नेहमीचा प्रकार आहे.

वेळेचे गणित पदार्थांइतकेच महत्त्वाचे आहे. दुपारी एक ते अडीच या वेळात महामार्गावरच्या ढाब्यांवर गर्दी असते आणि विशेष विनंत्या ऐकायला कोणालाच सवड नसते, म्हणून मुलासह साडेबारापूर्वी बसावे. त्याआधी दीड-दोन तास केळीचे वेफर्स आणि शीतपेये बंद ठेवावीत, कारण भूक मेलेल्या मुलापुढे बट्टीही हरते. अजिंठ्याला जायचे असेल तर जेवण आधीच उरकावे. खासगी वाहने फर्दापूरच्या टी-पॉइंटला ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते, आणि लेण्या पाहून परत येईपर्यंत अर्धा दिवस जातो. (सोमवारी लेण्या बंद असतात, हे जाता जाता.) पाटणादेवीसाठी चाळीसगावात जेवून निघावे. तोरणमाळला खाण्याची ठिकाणे मोजकीच आहेत, त्यामुळे मुक्कामी पोहोचताच रात्रीसाठी मऊ खिचडी, बिनफोडणीची, सांगून ठेवावी. सोबत तुपाची लहान डबी, पिठीसाखर, मेतकूट आणि दोन दिवसांचे खाकरे असावेत. हे सामान हॉटेलात उघडण्यापूर्वी मालकाला एकदा विचारले की कोणी आक्षेप घेत नाही.

हॉटेलापेक्षा अवघड प्रसंग नातेवाइकांच्या घरी येतो. ‘खाय ना रे भो, येवढंसं’ म्हणत आजी ताटात वाढतच राहते, आणि पाहुण्याचे पोर उपाशी उठले ही घराची नामुष्की समजली जाते. अशा वेळी सर्वांसमोर मुलाच्या सवयींची यादी वाचू नये, कारण मूल ऐकत असते आणि ‘मी न खाणारा’ हे बिरुद त्याला आवडू लागते. त्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करून मावशीला किंवा काकूला सांगावे की कुकरमधले वरण-भात आमच्यासाठी फोडणीआधी काढून ठेवा, बाकी आम्ही सगळे तुमच्या हातचे खाणारच आहोत. मग आग्रह मोठ्यांच्या ताटाकडे वळवावा आणि तो मनापासून स्वीकारावा.

एका गोष्टीत मात्र चालढकल नको. मुलाचे वजन वाढत नसेल, पूर्वी चालणारे पदार्थही एकेक करून सुटत असतील, अन्नाच्या वासाने किंवा स्पर्शाने उमासे येत असतील, किंवा घशात घास अडकेल अशी भीती त्याला वाटत असेल, तर तो साधा चोखंदळपणा नसण्याची शक्यता आहे. अन्न टाळण्याच्या अशा विकाराला २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत स्वतंत्र स्थान आहे. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि प्रवासात त्यांच्या सल्ल्याप्रमाणेच चालावे.

परतीचा प्रवास जळगाव किंवा भुसावळहून रात्रीच्या गाडीने असेल, तर दुपारच्या जेवणातल्या तळलेल्या बट्ट्या कोरड्या बांधून घ्याव्यात; त्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चांगल्या राहतात. वरण बांधून घेऊ नये. खान्देशच्या उन्हाळ्यात ते गाडी सुटण्याआधीच आंबते.