शेवटचा अंगठा कुठं दिला होता?

गेल्या महिन्यात केंद्रावर चार नवीन जण आले. दोघं कॉलेजच्या एनएसएसमधून, एक मुलगी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदवीच्या) फिल्डवर्कला, आणि एक ऐरोलीतल्या कंपनीत कामाला असलेला, 'शनिवार-रविवार काहीतरी अर्थपूर्ण करायचंय' म्हणत आलेला. त्याच्याशी मी जरा तुसडेपणानं बोलले. राग त्याच्यावर नव्हता. 2022 मध्ये याच खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून मी हेच वाक्य म्हटलं होतं, आणि ते आठवलं की मला अजून कानकोंडं होतं.

त्याला तोंडावर नीट सांगता आलं नाही, ते इथं लिहितेय.

आमचं केंद्र म्हणजे नवी मुंबईत तुर्भे स्टोअरजवळची एक भाड्याची खोली. 2020 च्या लॉकडाउनमध्ये काही शेजाऱ्यांनी मिळून खिचडी वाटायला सुरुवात केली. लॉकडाउन उठला तरी माणसं यायची थांबेनात, तेव्हा पातेलं गेलं आणि टेबल आलं. पगारी कुणी नाही. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी अर्ज भरून द्यायचे, महिन्यातून एकदा किराणा, मुलांची अभ्यासिका, कधी कुणाबरोबर दवाखान्यात जायचं. येणारी कुटुंबं बहुतेक मराठवाडा-सोलापूरकडची. पुरुष नाक्यावर किंवा दगडखाणीवर, बायका एपीएमसीत कांदा-लसूण निवडायला नाहीतर वाशीला घरकामाला.

योजनांची नावं आणि कागदांच्या याद्या तुम्हाला माहीत असतीलच. नसतील तर कुठल्याही सेतूच्या भिंतीवर चिकटवलेल्या आहेत. मला सांगायचंय ते मी ज्या खड्ड्यात पडले त्याबद्दल, कारण तो कुठल्याच भिंतीवर लिहिलेला नाही.

मी कॉमर्सची. वाशीत एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. पासबुक, खाते क्रमांक, आयएफएससी हे माझं रोजचं काम. त्यामुळे केंद्रावर पैशाचं प्रकरण आलं की 'ते तिच्याकडे द्या' असं ठरूनच गेलेलं. त्याची मला थोडी ऐटही होती.

एक मावशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मार्केटात लसूण निवडायला जायच्या. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे त्यांच्या बँकेत जमा व्हायचे, 2023 पासून महिना 1500. मागेपुढे व्हायचे पण यायचे. 2025 उजाडलं आणि पासबुकात नोंद येईना. एप्रिलमध्ये त्या पासबुक पदराखाली धरून आल्या. मी चाळलं. डिसेंबरपर्यंतची पानं भरलेली, पुढं कोरं. म्हटलं, ''हयातीचा दाखला राहिला असेल मावशी. देऊन टाकू. येतील पैसे.''

हयातीचा दाखला दिला. नाही आले. मग वाटलं उत्पन्नाचा दाखला जुना झाला असेल, तोही नवीन काढला. (या योजनेला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला 1,750. तुर्भ्यात एवढ्यात खोलीचं भाडंही निघत नाही. हा आकडा ज्यांनी ठेवलाय त्यांना एक दिवस आमच्या टेबलावर बसवावं असं मला दर वेळी वाटतं.) मग मी स्वतः गेले. आपण नवी मुंबई महापालिकेत राहत असलो तरी तालुका ठाणेच, त्यामुळे दोनदा अर्धी रजा टाकून ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाण्याचं तहसील कार्यालय गाठलं. खिडकीवरचा माणूस दोन्ही वेळा एकच सांगत होता: ''मॅडम, इथून पैसे गेलेत.'' मी त्याच्याशी वाद घातला. पासबुकाचं कोरं पान काचेला लावून दाखवलं. बाहेर येऊन मावशींना म्हटलं, ''टाळाटाळ करतायत, पण येतील.''

तो माणूस खरं बोलत होता.

सप्टेंबरमध्ये आमच्या केंद्रावरच्या काकांनी, पोस्टातून निवृत्त झालेत ते, माझी फाइल सहज उघडली. पासबुकाकडं बघितलंसुद्धा नाही. मावशींना विचारलं, ''शेवटचा अंगठा कुठं दिला होता?''

मावशींनी विचार केला. ''नाक्यावर एक पोरगं छत्री लावून बसलं होतं. सिम फुकट देत होतं. त्याच्या मशीनवर दिला.''

आता हे नीट वाचा, घाई करू नका, कारण मी घाई केली होती. 'आधार बँकेला लिंक आहे' या एका वाक्याचे दोन वेगळे अर्थ होतात. पहिला अर्थ असा की बँकेनं केवायसीसाठी तुमचा आधार क्रमांक खात्याला लावून घेतलाय. असा आधार तुमच्या पाच खात्यांना असू शकतो. दुसरा अर्थ असा की सरकारकडून आधारच्या आधारे येणारा पैसा कुठल्या बँकेकडे पाठवायचा, याची एक नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) असते. तिला मॅपिंग म्हणतात, बँकेतले लोक सीडिंगही म्हणतात. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते, आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेला संमती दिली तिची. संमती म्हणजे दर वेळी सहीच असते असं नाही, तो एक अंगठाही असू शकतो. त्या छत्रीखालच्या पोरानं सिमबरोबर एका पेमेंट बँकेचं (छोट्या ठेवी घेणारी, कर्ज न देणारी बँक) खातंही उघडलं होतं, आणि मावशींची नोंद गुपचूप तिकडे सरकली होती.

मग आधी पैसे जुन्या खात्यात कसे येत होते? कारण तेव्हा ते खाते क्रमांकावर पाठवले जात. मग योजना डीबीटीवर (थेट लाभ हस्तांतरणावर) गेली आणि पैसा आधारच्या नोंदीमागं जायला लागला. अर्जाला आपण जोडलेली पासबुकाची झेरॉक्स त्यानंतर निव्वळ शोभेची. हे मला, अकाउंट्सच्या बाईला, नऊ महिने कळलं नाही. 2024 च्या जुलैत लाडकी बहीणचे अर्ज भरायला आमच्या दारात रांगा लागल्या होत्या. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन हप्ते एकदम पडले, तेव्हाही काही बायका म्हणत होत्या, 'शेजारणीला आले, मला नाही.' तेव्हासुद्धा मी 'येतील' म्हणूनच पाठवल्या. त्यातल्या कितींचे पैसे कुठल्या छत्रीखाली पडून होते, देव जाणे.

तेव्हा 'आधार लिंक आहे का' असं कुणाला विचारू नका. सगळे हो म्हणतात, आणि ते खोटं नसतं. विचारायचं ते असं: सिम कुठून घेतलं, बचत गटाचं खातं कुठल्या बँकेत, गावाकडं रोजगार हमीचं खातं होतं का, 2014 नंतर जनधनचं काढलं होतं का, कर्जाच्या माणसानं कुठं अंगठा घेतला का. मग आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघायची. तिथं बँकेचं नाव दिसतं. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि इथं पुन्हा घोडं अडतं, कारण ते फुकटचं सिम रिचार्जअभावी कधीच बंद पडलेलं असतं. पैसे जमा झाल्याचे मेसेजही त्याच मेलेल्या नंबरवर जात होते. आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घेतला, तेव्हा कुठं ते पान उघडलं. बँकेचं नाव बघून मावशी म्हणाल्या, ''ही कुठली गं बँक?''

पैसे काढायला आम्ही बँकमित्राच्या, म्हणजे बँकेच्या वतीनं पैसे देणाऱ्याच्या, दुकानात गेलो. त्याच्या यंत्रावर बँकेचं नाव निवडून अंगठा लावला की शिल्लक दिसते. मावशींचा अंगठा लागेना. वर्षानुवर्षं लसूण निवडून बोटांच्या रेघा पुसल्यासारख्या झालेल्या, कडेला चिरा, त्यात मातकट काळं बसलेलं. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग तर्जनी. दुकानदार वैतागला, मागची रांग कुरकुरायला लागली. काकांनी शेजारच्या चहावाल्याकडून कोमट पाणी आणलं, हात धुवायला लावले, आपल्या रुमालानं एकेक बोट कोरडं केलं. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. पडद्यावर 10,500.

मावशींनी तो आकडा दोनदा वाचून घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, ''म्हंजे हुतेच की माझे.'' मेमध्ये लेकीच्या शाळेच्या खर्चाला त्यांनी कानातली फुलं गहाण ठेवली होती, महिना तीन टक्क्यांनी. मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मी दर रविवारी फक्त 'येतील' म्हणत होते.

त्यानंतर मावशींनी आपल्या नेहमीच्या बँकेत संमतीचा फॉर्म भरला, नोंद परत वळवली. तुम्हीही हे करून द्याल तेव्हा आठवड्याभरानं पुन्हा तपासा. फॉर्म घेतला म्हणजे काम झालं असं बँकेत धरून चालायचं नाही. आणि त्या पेमेंट बँकेच्या खात्यातली शिल्लक आधी काढा, मग बाकीचं.

आता घाबरून पळू नका. ही एक चूक डोक्यात पक्की बसली की अर्धं काम आलं. उरलेलं अर्धं म्हणजे बसून ऐकणं. ते कुणालाही जमतं, फक्त फोन पालथा ठेवावा लागतो.

एजंटांबद्दल मला फार बोलायचं नव्हतं, पण बोलते. 'ताई, तीनशे द्या, घरबसल्या दाखला' म्हणणारा माणूस तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल, गोड बोलेल, आणि तुमचा वेळ वाचेल असं तुम्हाला मनापासून वाटेल. उत्पन्न, जात, रहिवास यांच्या दाखल्यांना लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात 2004 पासून माफ आहे. तरी शंभराच्या स्टॅम्पचे पैसे लोक वर्षानुवर्षं देत आले, आणि 2024 च्या ऑक्टोबरात शंभराचा किमान दर पाचशे झाल्यावर तेच एजंट पाचशे सांगायला लागले. नको. एकदा तुम्ही त्या वाटेनं गेलात की रांगेतल्या बाईला कळतं, की केंद्रातले लोकही पैसे देऊनच काम करतात. मग ती तुमच्याकडे कशाला येईल?

रेशनचं थोडक्यात. बीडचं कार्ड आहे म्हणून इथं धान्य मिळत नाही, असं कुणी सांगितलं तर आधी त्या दुकानात जाऊन बघा. कार्ड अन्नसुरक्षेतलं असेल तर माणशी पाच किलो देशात कुठंही उचलता येतं. नवी मुलं उत्साहात पहिलं काम कार्ड बदलून आणायचं काढतात. बदलीच्या नादात नाव गावातून उडतं, इथं चढत नाही, आणि घर चार महिने धान्याविना राहतं. बदली करायची तर करा, पण धान्य चालू ठेवून.

मार्गदर्शकांचं म्हणाल तर माझं मत लोकांना आवडत नाही. आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी एखादे 'सर' येतात, तासभर संवेदनशीलतेवर बोलतात, फोटो काढून जातात. त्यांच्याकडून मला एक अर्जही भरायला शिकता आलेला नाही. वस्तीतली अंगणवाडीताई शोधा. कुठल्या घरात कोण आजारी, कोणाचा नवरा पितो, कोणती मुलगी शाळेतून काढलीय, हे तिला ठाऊक असतं, आणि ती ते उगाच सांगत नाही. तिच्यामागं दोन रविवार फिरलात तर वर्षभराचं काम होईल. एमएसडब्ल्यूवाल्या मुलीला हे सांगितलं तर ती हिरमुसली. तिच्या पुस्तकांना मी नावं ठेवत नाहीये, हे तिला कुणीतरी सांगा.

किराणा देताना फोटो काढायचे नाहीत. दाते मागतात. त्यांना सामानाचा फोटो पाठवा, बिलाचा पाठवा, माणसाचा नाही. यावरून एक मोठा दाता आम्ही गमावला आणि त्या महिन्यात किराणा अर्धाच आला. तरीही.

खिशातून पैसे देऊ नका, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. मावशींना मी अपराधीपणानं तीन महिन्यांचं व्याज देऊ केलं. त्यांनी घेतलं नाही, आणि मग दोन रविवार त्या आल्याच नाहीत. काका म्हणाले, ''तू त्यांना भिकारी केलंस.'' मला ते फार कठोर वाटलं, अजूनही थोडं वाटतं. पण मावशी परत आल्या तेव्हा माझ्या टेबलासमोर बसल्या नाहीत, काकांच्या समोर बसल्या.

मूळ कागद स्वतःजवळ ठेवून घेऊ नका, एका रात्रीसाठीही नाही. ओटीपी विचारायचा तर त्यांच्याच समोर, त्यांच्याच फोनवर. आणि कुणी दवाखान्याचं बिल घेऊन आलं तर हात टेकण्याआधी ते रुग्णालय धर्मादाय आहे का बघा; तसं असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला लेखी विचारा. तोंडी विचारलं की खाटा नेहमी भरलेल्या असतात.

यायचं तर रविवारी दहाला या. ऐरोलीवाल्या दादालाही कळवलंय, या वेळी नीट बोलेन. पहिला महिना अर्ज कुणी भरायचा नाही, नुसतं काकांशेजारी बसायचं. पेन स्वतःचं आणा, केंद्रातली सगळी रांगेत फिरून कुणाच्या ना कुणाच्या खिशात जातात. आणि बाहेर बाकावर लसणाचा वास येणाऱ्या एक मावशी बसलेल्या असतील, लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन. त्यांचा अर्ज मी मागितलाय. अजून दिलेला नाही.